जीपच्या मागचा हूक कोणी व कसा करावा

बैलगाडी भरणारा जाणता गडी पहिले पोते टाकण्यापूर्वीच शेवटचे पोते कोठे बसावयाचे हे मनाशी ठरवून असतो. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि गळ्यातील जोती आवळू लागतात. भार फार पुढे आला की माना दबतात आणि बैलांना खांदसूज धरते. यास्तव गाडी किंचित धुरेकडे जड ठेवावयाची, हा नियम खेड्यापाड्यांतून पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. तो कोणी कागदावर लिहून दिलेला नव्हता. चुकणाऱ्याला बैलच शिकवीत असत.

अशा कित्येक घरांच्या अंगणात आज बैलजोडीच्या जागी जीप उभी आहे. कोकणात जांभ्या दगडाच्या वाटांनी आंब्याच्या पेट्या रस्त्यापर्यंत आणावयाच्या असतात. सांगोला, आटपाडी या बाजूस डाळिंबाच्या बागेत पाण्याची टाकी व फवारणीचा पंप फिरवावा लागतो. अशा कामी चारही चाकांना जोर मिळणारी जीप सोयीची पडते यात शंका नाही. ट्रॅक्टर शेतात उत्तम, परंतु तालुक्याच्या गावी जाऊन येण्यास तो मंद. जीप दोन्ही कामे करते. तिच्या मागे लहानसा ट्रेलर जोडता आला की मधल्या शेतकऱ्याची मोठीच सोय होते. अडचण एवढीच की पुष्कळशा जीपा कारखान्यातून येतात त्या मागील हुकावाचून. मग मालक गावच्या वेल्डिंगच्या दुकानी जातो व सांगतो, ‘‘मजबूत हूक करून दे.’’

या ‘मजबूत’ शब्दातच सारा घोटाळा आहे. मजबूत म्हणजे जाड, अशी समजूत सर्वत्र रुजलेली आढळते. दुकानदार जुन्या मालमोटारीच्या पाट्याचा तुकडा शोधून काढतो, तो बंपरला किंवा चासीच्या मागील आडव्या पट्टीला भरभरून वेल्ड करतो, त्यावर दुसरी पट्टी ठेवून मध्ये जबडा तयार करतो आणि आरपार भोक पाडून त्यात सळईचा तुकडा पिन म्हणून देतो. वर लाल रंग दिला की काम पूर्ण झाले. असा हूक पाहणाऱ्याला भक्कम दिसतो. तथापि त्याच्यामागे किती वजन येणार आहे, ते वजन चासीच्या कोणत्या भागावर जाणार आहे आणि उतारावर ते जीपला कोणत्या दिशेने लोटणार आहे, हे तीन प्रश्न त्या दुकानात कोणी कोणाला विचारलेले नसतात.

जीप ही वस्तू मूळची लष्करी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने ती हजारोंनी वापरली. युद्ध संपताच १९४५ साली विलीज कंपनीने तिची नागरी आवृत्ती काढली आणि ती प्रामुख्याने शेतकऱ्यांपुढे ठेवली. त्या जीपला मागे ओढदांडा लावण्याची आणि इंजिनाच्या जोरावर शेतीची अवजारे फिरविण्याची सोय करता येत असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र यांनी मुंबईत याच विलीज जीपांची जुळणी सुरू केली. म्हणजे जीपच्या मागे काही ओढावयाचे ही कल्पना नवी नव्हे. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. सैन्याने या जीपच्या मागे जो ट्रेलर दिला होता तो ‘पाव टनी’ म्हणून ओळखला जाई. आडवाटेवर त्यात भरावयाचा माल पाचशे पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो एवढाच धरलेला होता. गाडी नवी, चासी नवी, चालक शिकविलेला आणि रस्त्यावर दुसरे वाहन क्वचितच. असे असूनही हिशेब करणाऱ्यांनी मर्यादा घातली ती पाव टनाची. पुढच्या काळातील जीपा अधिक वजनदार व अधिक शक्तीच्या झाल्या हे खरे. परंतु खेड्यातील बहुतेक जीपा जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाती आलेल्या असतात, आणि त्यांच्या मागे हजार लिटरची टाकी सर्रास दिसते. हजार लिटर पाणी म्हणजेच एक हजार किलो; टाकीचे व ट्रेलरचे वजन त्याहून निराळे.

येथे एक मत मांडणे अवश्य आहे, आणि ते अनेकांस रुचणार नाही. जीपच्या मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा डोळा बसेल असा जबड्याचा व पिनेचा हूक करूच नये. गोलकाचा, म्हणजे सर्वत्र ‘बॉल’ या नावाने ओळखला जाणारा ५० मिलिमीटर व्यासाचा हूक करावा, आणि जो ट्रेलर त्या जीपसाठी म्हणून केला असेल त्यावरच त्याची जोडी बसवावी.

याचे कारण यंत्रशास्त्रात थोडे आणि गावच्या रीतिरिवाजात फार आहे. जबड्याच्या हुकात कोणतीही ट्रॉली अडकते. ज्याच्या जीपला असा हूक आहे त्याच्याकडे ऊस-हंगामात, खत वाहण्याच्या दिवसांत, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर नादुरुस्त झाला की मागणी येणारच. ‘‘एवढी एक खेप ओढून दे, बाबा. दोन फर्लांग तर जायचे आहे,’’ असे चुलते दारात येऊन म्हणाले तर नाही कसे म्हणावयाचे? चुलत्यांना नाही म्हणणारा पुतण्या खेड्यात फार दिवस सुखाने नांदत नाही. मालक मनात ओळखून असतो की हे वजन जीपचे नव्हे. पण भिडेपोटी तो ट्रॉली जोडतो. चढ चढून जातो, कारण जीपला शक्ती असते, आणि तेथेच त्याची खात्री पटते. संकट पुढील उतारावर असते. बॉल बसविलेला असेल तर ट्रॉलीचा डोळा त्यावर बसतच नाही. मालकाला कोणाचे मन मोडावे लागत नाही; ‘‘बसत नाही, काका,’’ एवढे म्हटले की झाले.

यावरही तोड काढणारे निघतात. बॉल साध्या आडव्या पट्टीवर खालून नट आवळून बसविला असेल तर तो काढून त्याच भोकात पिन घालता येते. यास्तव दोन बोल्टांनी उभ्या पट्टीवर बसणारा बॉल घ्यावा. त्याच्या मागील पट्टीस उभे भोक नसते. बॉल काढला तर मागे केवळ सपाट लोखंड उरते. थोडी किंमत अधिक पडते, परंतु चुलत्यांशी असलेले संबंध टिकविण्याचा तो स्वस्त मार्ग होय.

बॉल घेताना मापाकडे लक्ष द्यावे. अमेरिकी मापाचे पावणेदोन इंचाहून थोडे मोठे, म्हणजे ४७.६ मिलिमीटरचे, आणि दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचेही बॉल असतात. नजरेला तिन्ही सारखेच दिसतात. लहान बॉलवर मोठी वाटी बसते, कुलूपही लागते, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात वाटी उचलून निघते. बॉल व वाटी या दोहोंवर माप कोरलेले असते ते वाचावे, आणि कोरलेले नसेल तर ती वस्तू घेऊ नये.

आता चासीविषयी. हूक कितीही चांगला असला तरी तो ज्याला धरतो ते कच्चे असेल तर उपयोग नाही. पुष्कळ जीपांची मागील आडवी पट्टी ही दोन उभ्या दांड्यांना एकत्र ठेवण्यासाठी व बंपर धरण्यासाठी असते. मागून ओढ सोसण्यासाठी ती केलेली असेलच असे नव्हे. बंपर तर केवळ धक्का खाण्यासाठी आहे. ओढ जावयास पाहिजे ती चासीच्या दोन्ही लांब दांड्यांत. म्हणून हुकाचा सांगाडा मागील पट्टीशी न थांबता दोन्ही दांड्यांच्या बाजूने हातभर तरी पुढे गेला पाहिजे आणि तेथे तीन-चार बोल्टांनी धरला गेला पाहिजे. मध्ये आडवी चौकोनी नळी व तिच्या मध्यावर बॉलची पट्टी, अशी ही साधी रचना आहे. गावचा कोणताही चांगला कारागीर ती दोन दिवसांत करू शकतो.

प्रथम मात्र चासी तपासावी. जीपचा मागचा भाग चिखल खातो. कोकणात तर समुद्राचा खारा वाराही खातो. बाहेरून रंग शाबूत आणि आत पापुद्रे, अशी अवस्था वारंवार दिसते. लहान हातोडीने दांड्यावर टिचकी मारीत जावे. निरोगी लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते, आणि फार गंजलेल्या जागी हातोडीचे टोक आतच जाते. मागील स्प्रिंगच्या कडीभोवती व जुन्या भोकांच्या कडेला तडे पडलेले नाहीत ना हेही पाहावे. असे काही आढळल्यास हुकाचा विचार तेथेच सोडून चासीच्या दुरुस्तीचा विचार करावा.

हूक चासीला वेल्ड न करता बोल्टांनी बसवावा, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. चासीच्या दांड्याच्या वरच्या किंवा खालच्या काठावर आडवी वेल्ड मारली की त्या रेषेवर लोखंडाचा स्वभाव पालटतो. जीप खड्ड्यांतून हिंदकळत चालली की नेमकी तेथूनच चीर धरते. बोल्टची भोकेही काठांवर न पाडता दांड्याच्या उभ्या बाजूच्या मध्यावर पाडावी. काठ हाच भाग सर्वांत अधिक ताण सोसतो. दांडा चौकोनी व बंद असेल तर बोल्ट आवळताना त्याच्या भिंती आत दबतात. त्यासाठी आत नळीचा तुकडा घालून त्यातून बोल्ट काढावा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असे कोरलेले असावे. साध्या ४.६ प्रतीच्या बोल्टपेक्षा तो तुटेपर्यंत दुप्पट ताण सोसतो. बाजारात किलोवर मिळणारे बिनखुणेचे बोल्ट गोठ्याच्या दाराला ठीक आहेत.

पाट्याच्या लोखंडाविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे, कारण ही चूक चांगले कारागीरही करतात. मालमोटारीचा पाटा इतके वजन झेलतो, मग हुकाला त्याहून चांगले लोखंड कोणते, असा त्यांचा युक्तिवाद असतो आणि तो वरवर पटण्यासारखा आहे. परंतु पाट्याच्या पोलादात कर्बाचे प्रमाण अर्धा टक्का वा त्याहून अधिक असते. साध्या पट्टीत ते पाव टक्क्याहूनही कमी असते. अधिक कर्बाचे पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने तापून चटकन थंड झाले की वेल्डच्या लगतची कड काचेसारखी कडक व ठिसूळ बनते. तो जोड महिना दोन महिने काही दाखवीत नाही. मग एके दिवशी, बहुधा थंडीच्या पहाटे व बहुधा भरल्या ट्रेलरनिशी, न वाकता एकदम तुटतो. साधी पट्टी तुटण्याआधी वाकते व मालकाला सूचना देते. लोखंडाने अगोदर वाकून दाखविणे हा त्याचा दोष नव्हे, तो मोठा गुण होय. यास्तव हुकाला सर्वत्र मिळणारी साधी पट्टी, आठ ते दहा मिलिमीटर जाडीची, तीच उत्तम. पाटा जेथे पाटा म्हणून लागतो तेथेच शोभतो.

सांगाड्याचे वेल्डिंग जीपपासून दूर, जमिनीवर, पट्ट्या स्वच्छ घासून व कडा तासून करावे. नंतर वेल्ड जिरलेली आहे की केवळ वरून माखलेली आहे हे पाहण्याची एक जुनी व बिनखर्चाची युक्ती आहे. जोडावर रॉकेल, ते न मिळाल्यास डिझेल, चांगले चोळावे, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावे आणि वर खडूची पूड फासावी. जोडात चीर असेल तर आत शिरलेले तेल खडूवर ओली रेघ काढून दाखविते. या परीक्षेस हरकत घेणाऱ्या कारागिराकडून काम करून घेऊ नये. चांगला कारागीर उलट ती करून दाखविण्यात अभिमान मानतो. काही कारणाने जीपवरच वेल्डिंग करणे भाग पडले तर आधी बॅटरीच्या तारा सोडवाव्या, एरवी नव्या जीपांतील विजेची उपकरणे जळतात.

हुकाची उंची किती ठेवावी याचे ठराविक उत्तर नाही. जीप व ट्रेलर दोन्ही भरलेले असता ट्रेलरचा तळ जमिनीशी समांतर राहावा, हे पाहावे. फार खाली ठेवला तर ओढा उतरताना हूक जमिनीत नांगरासारखा रुततो. फार मागे काढला तर त्याहून वाईट होते. येथे पुन्हा बैलगाडीकडे यावे लागते.

ट्रेलरच्या दांडीचे जे ओझे हुकावर पडते ते भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावे. ते फार कमी असले, किंवा ट्रेलर उलाळ असला, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि जीपची पाठ आपल्याबरोबर हलवितो. ते फार झाले तर काय होते हे आकड्यांनी पाहता येते. जीपच्या पुढील व मागील आसांत २.४ मीटर अंतर आहे आणि बॉल मागील आसाच्या मागे १ मीटरवर आहे असे धरू. दांडीवर ५० किलो ओझे असेल तर पुढील चाकांवरचे सुमारे २१ किलो वजन उचलले जाते. त्याने काही बिघडत नाही. तेच ओझे ३०० किलो झाले तर पुढील चाकांवरचे १२५ किलो वजन निघून जाते आणि मागील आसावर ४२५ किलो अधिक पडते. अशी जीप चढावर स्टेअरिंग फिरविले तरी सरळच जाऊ पाहते. बैल असते तर त्यांनी माना उंच करून नापसंती दाखविली असती. जीप तसे काही दाखवीत नाही. चालकाला फक्त स्टेअरिंग हलके लागते, आणि हलके स्टेअरिंग कोणालाही आवडतेच.

हे ओझे मोजणे मुळीच कठीण नाही. धान्य तोलण्याचा सपाट काटा प्रत्येक व्यापाऱ्याकडे, पुष्कळदा घरीही असतो. भरलेला ट्रेलर सपाट जागी उभा करून, चाकांना दगडाची उटी लावून, दांडीच्या टोकाखाली हुकाच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करावा व दांडी त्यावर टेकवावी. जो आकडा येईल तेच हुकावरचे ओझे. एकूण वजन साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर एकदा करून घ्यावे. हे दोन आकडे ट्रेलरच्या बाजूस रंगाने लिहून ठेविले तर गडी बदलला तरी हिशेब बदलत नाही.

पाण्याची टाकी हा या बाबतीत सर्वांत फसवा माल आहे. पोती ठेविली तेथेच राहतात, पाणी राहत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असेल किंवा पूर्ण रिकामी असेल तर प्रश्न नाही. अर्धी असली की चढावर सारे पाणी मागे धावते व ट्रेलर उलाळ होतो. उतारावर ते पुढे येऊन दांडीवर आपटते. वळणावर बाजूला चढते. २०१८-१९ च्या दुष्काळात सोलापूर भागातील बागाइतदारांनी टाक्यांनी पाणी वाहून बागा जगविल्या. झाडाझाडाला थोडे थोडे पाणी देत फिरणारी टाकी बहुतेक वेळ अर्धवटच भरलेली असते, हे अशा प्रत्येक बागाइतदारास ठाऊक आहे. जीपच्या मागे पाचशे लिटरहून मोठी टाकी असू नये, आणि आत पाणी अडविणारे दोन आडवे पडदे असावेत. खेपा दुप्पट होतील, हे मान्य. डिझेलचा खर्चही वाढेल. तरीही मत हेच.

आडवाटेवर आणखी एक गोष्ट घडते, जी डांबरी रस्त्यावर दिसत नाही. जीपचे डावे चाक खड्ड्यात आणि ट्रेलरचे उजवे चाक दगडावर, अशा क्षणी दोन्ही गाड्या एकमेकींच्या विरुद्ध पिळल्या जातात. जोड वर-खाली व डावी-उजवीकडे वळून भागत नाही; त्याने पिळही खाऊ दिला पाहिजे. पट्टीच्या जबड्यात पट्टीचाच डोळा अडकविला तर पिळ खाण्यास वाव नसतो, आणि तो पिळ दांडी किंवा चासी सोसते. सैन्याच्या जीपला गोल कडी व आकडीचा हूक असे तो याचसाठी. बॉल पिळ खातो, मात्र एका मर्यादेपर्यंतच. ज्यांची वाट खरोखर ओढ्या-नाल्यांतून आहे त्यांनी ओलांडण्याची जागा निवडावी, दरडी उतरत्या करून घ्याव्या, आणि शक्य नसेल तेथे ट्रेलर मागे ठेवून माल दोन वेळा जीपमध्येच घालून न्यावा.

उताराची भीती वर सांगितली. तिचा हिशेब असा. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी दोन सेकंदांत थांबवावयाची झाल्यास ब्रेक नसलेला ५०० किलोचा ट्रेलर सुमारे २८० किलोच्या जोराने हुकावर रेटा देतो. जीप तो सोसते. तीन टनांची भरलेली ट्रॉली तेवढ्याच काळात थांबवावयाची तर रेटा १,७०० किलोच्या घरात जातो. जुन्या बनावटीच्या कित्येक जीपांच्या स्वतःच्या वजनाहून तो अधिक आहे. अर्थात् जीप तेवढ्या काळात थांबतच नाही. ट्रॉली तिला लोटीत नेते, आणि वळण असेल तर मागची बाजू आडवी फिरवून दोन्ही गाड्या चाकूच्या पात्यासारख्या मिटतात. दहात एक अशा उतारावर तर ब्रेक न दाबताही तीनशे किलोचा रेटा सतत पाठीशी असतो. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला एकूण ७५० किलोपर्यंतच मुभा आहे, आणि तेथील रस्ते व गाड्या आपल्याहून वाईट नाहीत. गावच्या दुकानात केलेल्या बिनब्रेकच्या ट्रेलरला ५०० किलोची मर्यादा घालून घेणे शहाणपणाचे होय. जीपच्या माहितीपुस्तिकेत ओढावयाचे वजन याहून कमी दिले असेल तर अर्थातच तेच प्रमाण मानावे.

बॉल निसटला तरी ट्रेलर सुटू नये म्हणून दोन साखळ्या हव्यात. त्या बॉलच्या पट्टीला न अडकविता सांगाड्याला स्वतंत्र कड्या करून अडकवाव्या, आणि दांडीखालून एकमेकींवर तिरप्या न्याव्या. म्हणजे दांडी खाली पडलीच तर ती झोळीत पडावी तशी साखळ्यांवर पडते, रस्त्यात रुतून ट्रेलर उलटत नाही. साखळी वळणापुरती सैल व जमिनीला न घासणारी असावी. मागील दिवे, खुणेचे दिवे व लाल परावर्तक यांवाचून ट्रेलर सूर्यास्तानंतर रस्त्यावर आणणे हे दुसऱ्याच्या जिवावर बेतणारे कृत्य आहे. ऊस-हंगामात रात्री हमरस्त्याने जाणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

कायद्याचा भाग थोडक्यात. ट्रेलरला स्वतःची नोंदणी व क्रमांक लागतो. जीपच्या मूळ रचनेतील फेरफारांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये निर्बंध आहेत. म्हणून लोखंडाला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी व विमा कंपनीस लेखी कळवावे. नंतर विचारणारा बहुधा अपघातानंतर विचारतो.

यावर असे म्हटले जाईल की एवढा खटाटोप कशाला, शहरातून तयार हूक आणावा. ज्यांच्या जीपसाठी तो मिळतो त्यांनी तो अवश्य आणावा. परंतु जुन्या जीपांच्या चासी दुरुस्त्यांनी इतक्या बदललेल्या असतात की तयार वस्तूची भोके जुळत नाहीत, आणि मग तीच वस्तू गॅसने कापून, ठोकून बसविली जाते. त्यापेक्षा मापे घेऊन गावी केलेला हूक शतपटींनी बरा. गावच्या कारागिराच्या हातात कसब कमी नाही. त्याला कोणी वजनाचा आकडा व रचनेचा आराखडा देत नाही, एवढेच उणे आहे. नांगराचा फाळ, कोळप्याची पास, मोटेचे चाक ही कामे ज्यांच्या घराण्यांनी अचूक मापाने केली त्यांना पन्नास मिलिमीटरचे माप जड नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथे मध्यस्थाचे काम करावे. हुकावर व्याख्यान देण्यापेक्षा, ज्या दिवशी एखादा मालक हूक करावयास निघेल त्या दिवशी त्याला व कारागिराला जीपपाशी एकत्र उभे करावे आणि ‘याच्यामागे जास्तीत जास्त किती किलो?’ हा प्रश्न दोघांच्या समक्ष विचारावा. उत्तर आले नाही तर काम त्या दिवशी थांबवावे. उत्तर आले तर ते खडूने चासीवर लिहावे. तो आकडा डोळ्यांपुढे असला की बाकीची अर्धी कामे आपोआप ठिकाणावर येतात. जाड पट्टीचा हट्ट सुटतो आणि बोल्ट कोणता याची चौकशी होऊ लागते. ज्या गावी असा एखादा हूक नीट झाला असेल तेथे शेजारच्या गावचे कारागीर नेऊन तो दाखवावा. एका कारागिराने केलेले काम दुसऱ्याला जितके शिकविते तितके कोणतेही पत्रक शिकवीत नाही.

हूक बसविल्यावर पहिल्या दोन-तीन खेपांनंतर सारे बोल्ट पुन्हा आवळावे, आणि मग प्रत्येक नटावरून लगतच्या पट्टीवर जाणारी एक पांढरी रेघ रंगाने ओढून ठेवावी. नट किंचित फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रोज पान्हा घेऊन खाली वाकावे लागत नाही. बॉलला वंगण लावावे, पण धुळीच्या दिवसांत जुने वंगण पुसूनच नवे द्यावे, कारण धूळ मिसळलेले वंगण कानसीचे काम करते. बॉलचा व्यास वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, चार बाजूंनी मोजावा. एखाद्या बाजूने तो ४९ मिलिमीटरपर्यंत झिजला असेल तर तो बदलावा, आणि वाटीचे कुलूप हाताने वर उचलून खुळखुळते का हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.